पहिल्या परदेशवारीआधी कायद्याचं एवढं बघा

पहिलीच वारी आहे ना, मग सगळे कायदे पाठ करत बसू नका. तीनच गोष्टी बघा.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची, औषधं. ‘डॉक्टरांनी लिहून दिलंय’ म्हणजे झालं, हा नवख्यांचा ठरलेला गैरसमज. जपानमध्ये ॲम्फेटामिनची (मेंदूला उत्तेजना देणारी) औषधं चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. सर्दीच्या साध्या गोळीत स्यूडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारा घटक) १० टक्क्यांहून जास्त असेल, तर तीही आधी परवानगी काढल्याशिवाय नाही. मी एकदा आदल्या रात्री पाकीट उलटं करून घटक वाचले आणि गोळ्या घरीच ठेवल्या. नावापेक्षा मागचं बारीक अक्षर वाचा.

दुसरी, वेप, म्हणजे ई-सिगारेट. सिंगापूरमध्ये २०१८ पासून तो नुसता जवळ बाळगणंही गुन्हा आहे. (तिथल्या च्युइंगमबंदीचं सगळ्यांना ठाऊक असतं, याचं नाही!)

तिसरी, देश एक म्हणून कायदा एक असं धरू नका. अमेरिकेत कोलोरॅडोच्या मतदारांनी २०१२ साली गांजाला मोकळीक दिली, पण केंद्राचा कायदा वेगळाच. राज्याबाहेर नेलात की तो आडवा येतो.

माहिती दूतावासाच्या किंवा कस्टमच्या साइटवरूनच घ्या, मित्राच्या ‘मला कुणी अडवलं नाही’वरून नको. व्हिसाच्या खाचाखोचा नंतर बघू.