'हॅम्लेट'ला खेडं म्हणावं का?

प्रश्न असा: इंग्रजी बातम्यांत 'ट्रायबल हॅम्लेट' येतं, त्याचं 'आदिवासी खेडं' केलं तर चालेल का?

शक्यतो नको. शब्दकोश 'लहान खेडे' एवढंच सांगून मोकळे होतात, पण हॅम्लेट उंबरे मोजून ठरत नाही. ती दुसऱ्या गावाच्या आधारानं असते, ही तिची खूण. इंग्लंडातला जुना संकेत म्हणजे स्वतःचं चर्च नसलेली वस्ती ती हॅम्लेट. प्रार्थनेला शेजारच्या गावी जायचं. (शेक्सपिअरच्या नाटकातल्या डेन्मार्कच्या राजपुत्राचा इथे काही संबंध नाही. त्याचं नाव 'आम्लेथ'वरून आलं.) कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या शेरवुड पार्कची वस्ती 70 हजारांच्या वर आहे, तरी सरकारदरबारी ती हॅम्लेटच, कारण कारभार स्ट्रॅथकोना काउंटी पाहते. त्याच देशातल्या नुनावुतमध्ये मात्र हॅम्लेटला स्वतःची निवडून आलेली परिषद असते. अशा ठिकाणी भाषांतराच्या फंदात न पडता 'हॅम्लेट' तसंच ठेवावं.

आपल्याकडे हा भेद महसुली कागदांत मुरलेला आहे. सातबारा निघतो तो 'मौजे' अमुकचा, म्हणजे महसुली गावाचा. वाडी त्या मौजाच्या पोटात. मूळ गावाला जोडलेल्या वस्तीला 'मजरे' म्हणत. चंदगड तालुक्यातल्या मजरे कार्वेच्या नावात तो शब्द अजून टिकून आहे. आदिवासी अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्यानं तर पाड्यालाही 'गाव' ठरण्याची वाट मोकळी केली. तेव्हा कायद्याच्या मजकुरात 'गाव' आणि 'पाडा' यांची सरमिसळ केली, की कलमाचा अर्थच हरवतो.

बोलीत शब्द जिल्ह्यागणिक बदलतो. पालघर-नंदुरबारकडे पाडा, कोकणात आणि घाटमाथ्यावर वाडी, बंजाऱ्यांचा तांडा, यवतमाळकडे कोलामांचा पोड, गोंदियाकडे टोला, देशावर शेतातली वस्ती. त्यामुळे जव्हारच्या बातमीत 'आदिवासी पाडा' बरोबर. तोच शब्द कोलामांच्या बातमीत घातला, तर यवतमाळचा वाचक हसेल. 'वाडी' वापरताना थोडं जपून, कारण कोकणात नारळी-पोफळीची बागही वाडीच, आणि गिरगावात वाडी म्हणजे चाळींचा समूह. जिल्हा कळतच नसेल तर सरळ 'वस्ती' लिहावं. आणि यॉर्कशरमधल्या कथेत 'पाडा' आणू नये. तिथे 'चार घरांची वस्ती' पुरते.