गच्ची गळते, भिंतीला बुरशी, मुलीला धाप: सोसायटीकडे नेमकं काय मागायचं?

प्रश्न: आमचा मालकीचा फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. पावसाळ्यात बेडरूमच्या छताला ओल आली आणि आता भिंतीवर काळी बुरशी पसरली आहे. चार वर्षांच्या मुलीला तिथे झोपवलं की खोकला आणि छातीत घरघर सुरू होते. डॉक्टरांनी इन्हेलर दिला आहे. सेक्रेटरी म्हणतात, "बुरशीमुळेच ती आजारी पडली हे सिद्ध करा. नाहीतर खिडक्या उघड्या ठेवा आणि रंग मारून घ्या." मेंटेनन्स थांबवू का? उपचारांचा खर्च मागता येईल का?

उत्तर: सेक्रेटरींची ही अट मान्यच करू नका. तुमचा हक्क आजारावर नाही, गळतीवर उभा आहे. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे महाराष्ट्रातल्या सहकारी सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, गच्चीतून झिरपणारं पावसाचं पाणी थांबवणं आणि त्याने खराब झालेला वरच्या फ्लॅटच्या छताचा गिलावा दुरुस्त करणं, हा खर्च सोसायटीचा. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत मागवून ते कलम आधी वाचा. मुलगी ठणठणीत असती तरी हे काम सोसायटीलाच करावं लागलं असतं.

मुलीचे कागद लागतील ते तातडी दाखवायला. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत श्वसनाच्या तक्रारी, संसर्ग आणि दमा बळावण्याचा धोका वाढतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच मांडला आहे. अमुक इतकी बुरशी चालेल अशी मर्यादा तिने दिलेली नाही. ओल थांबवा, एवढंच सांगितलं. त्यामुळे बुरशीचे नमुने प्रयोगशाळेत पाठवण्यात पैसे घालवू नका. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या अहवालावर खर्च करा. पाणी कुठून येतं हे त्यात स्पष्ट हवं. बालरोगतज्ज्ञांकडून निदान, त्रास केव्हा वाढतो आणि ओल-बुरशीपासून मुलीला दूर ठेवावं, एवढं लिहून घ्या. 'बुरशीनेच दमा झाला' असं लिहून द्या म्हणून त्यांच्या मागे लागू नका. उलटतपासणीत ते वाक्य कोसळलं तर बाकीचे कागदही संशयात येतात.

खिडक्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. बंद खोलीत कपडे वाळत घातले तरी बुरशी धरते. पण ती बहुधा कपाटामागे, कोपऱ्यांत दिसते. छतावरचा डाग पाऊस पडून गेल्यावर वाढत असेल तर ती गळती. खोलीत आजपासून हवा खेळती ठेवा, म्हणजे हा बचावही उरणार नाही.

रंगाचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. ब्रिटनमधल्या रॉचडेल इथे एका वडिलांनी २०१७ मध्ये बुरशीची तक्रार केली, तेव्हा त्यांनाही वरून रंग मारायला सांगितलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचा दोन वर्षांचा मुलगा अवाब इशाक दगावला. घरातल्या बुरशीचा दीर्घ संपर्क हेच कारण असल्याचं २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीत ठरलं. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. सेक्रेटरींना जरूर सांगा.

मेंटेनन्स थांबवू नका. थकबाकीदार झालात की सोसायटी वसुलीच्या मागे लागेल आणि तुमची तक्रार बाजूला पडेल. 'हक्क राखून भरत आहे' असं लिहून भरा.

आता लेखी अर्ज द्या, सोबत इंजिनिअरचा अहवाल जोडा आणि सही-शिक्क्याची पोच घ्या; ग्रुपवरच्या मेसेजवर भिस्त ठेवू नका. पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर वकिलामार्फत नोटीस. त्यानंतर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जा आणि तातडीने वॉटरप्रूफिंग करण्याचा अंतरिम (अंतिम निकालाआधीचा) आदेश मागा. डॉक्टरांचा कागद खरा कामाला येतो तो इथे. ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर रेरा कायद्याच्या (स्थावर मालमत्ता नियमन कायदा) कलम १४(३) खाली बांधकामातला दोष विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी बिल्डरची आहे, त्यालाही लिहा.

उपचारांचा खर्च मागता येईल, बिलं जपून ठेवा. पण ती मुख्य मागणी करू नका, कारण कार्यकारणाचा पुरावा तिथे द्यावाच लागेल आणि त्या वादात दुरुस्ती लांबेल.

तोवर मुलीला दुसऱ्या खोलीत झोपवा. बुरशी साफ करण्याआधी तारखेसह फोटो काढा आणि साफ करताना मुलगी घरात नसेल असं बघा.