झटके ठरावीक वेळीच का येतात?

मुलीला अपस्माराचे (फिटचे) झटके सकाळी जाग आल्यावर तासाभरातच येतात, तर त्याचा शरीराच्या घड्याळाशी संबंध आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या धाकट्या भावाचे असेच होते. दात घासताना हातातला ब्रश उडून बेसिनमध्ये पडायचा आणि आम्ही तो कित्येक महिने वेंधळेपणा समजत होतो. पुढे निदान झाले ते ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सीचे, म्हणजे किशोरवयात सुरू होणाऱ्या, अंगाला अचानक हिसके देणाऱ्या अपस्माराचे. त्यात हे सकाळचे हिसके ठरलेले असतात आणि जागरणाने ते वाढतात. आपल्या मुलीला तेच आहे का, हे अर्थातच ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) पाहून डॉक्टर सांगतील.

झटक्यांचा शरीराच्या घड्याळाशी संबंध आहे, आणि तो नव्याने सापडलेला नाही. ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी १८८०च्या दशकातच दिवसा, रात्री आणि केव्हाही झटके येणारे असे रुग्णांचे गट पाडले होते. फ्रंटल लोबमधून (मेंदूच्या पुढच्या भागातून) उठणारे झटके बहुधा झोपेत येतात, तर टेम्पोरल लोबमधले (कानशिलाजवळच्या भागातले) दुपारनंतर अधिक दिसतात. खरी अडचण पुढेच आहे: हा परिणाम झोपेचा की घड्याळाचा? दोन्ही रोज एकत्रच चालत असल्याने त्यांना वेगळे काढणे अवघड जाते. २०१७ साली मात्र शस्त्रक्रियेत काढलेल्या अपस्मारग्रस्त मेंदूच्या ऊतीत शरीराचे घड्याळ चालवणाऱ्या 'क्लॉक' या प्रथिनाचे प्रमाण कमी आढळले, आणि उंदरांच्या उत्तेजक चेतापेशींतून त्याचे जनुक काढल्यावर त्यांना झटके येऊ लागले. म्हणजे घड्याळाच्या यंत्रणेतला बिघाड स्वतःच कारण ठरू शकतो.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते मेंदूत बसवून तिथली विद्युत हालचाल सतत नोंदवणाऱ्या उपकरणांमुळे झालेले काम. २०१८ साली असे उपकरण बसवलेल्या ३७ रुग्णांच्या दीर्घकाळच्या नोंदींत दैनिक लयीखेरीज अनेक दिवसांची, बऱ्याचदा २० ते ३० दिवसांची, आवर्तने दिसली, आणि ती पुरुषांतही होती. तोवर महिन्याच्या अंतराने येणाऱ्या झटक्यांचा संबंध प्रामुख्याने पाळीशी जोडला जाई. या आवर्तनांत मेंदूची विद्युत-चंचलता (झटक्यांच्या मधल्या काळातली असामान्य विद्युत हालचाल) चढत असताना झटक्याचा धोका अधिक असतो. त्यावरूनच झटक्याचा अंदाज आधी बांधण्याचे प्रयत्न सध्या जोरात आहेत.

औषधाचा मोठा डोस धोक्याच्या वेळेआधी देण्याचे प्रयोगही झाले आहेत, परंतु ते छोटे आहेत. गोळीची वेळ आपल्या मनाने बदलू नका. डॉक्टरांकडे जाताना मात्र झटक्याच्या तारखेसोबत घड्याळातली वेळ, आदल्या रात्री झोपल्याची वेळ आणि उठल्याची वेळ लिहून न्या. आमच्या डायरीत पहिली दोन वर्षे नुसत्या तारखाच होत्या.