इब्न हजर अल-अस्कलानी कोण होते? त्यांचे ग्रंथ कुठून वाचायला घ्यावेत?

आधी नावाचा घोळ निस्तरू. इब्न हजर दोन आहेत आणि दोघेही शाफई, म्हणजे सुन्नी इस्लामच्या चार विधिपंथांपैकी एकाचे. तुम्ही विचारलेले अस्कलानी कैरोचे (१३७२-१४४९). दुसरे हैतमी, सोळाव्या शतकातले, मक्केत वारलेले. हदीसच्या (पैगंबरांच्या वचन-कृतींच्या नोंदींच्या) पुस्तकात नुसतं ‘इब्न हजर’ आलं तर बहुधा अस्कलानी, शाफई फिकहच्या (धर्मकायद्याच्या) पुस्तकात बहुधा हैतमी. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई, त्यामुळे तिथल्या वाचकाची इथे हमखास गल्लत होते.

अस्कलानी लहानपणीच पोरके झाले. पुढे हाफिज (मोठे हदीसतज्ज्ञ) इराकींकडे हदीस शिकले आणि इजिप्तचे शाफई मुख्य काझी झाले. ते पद अनेकदा गेलं, अनेकदा परत मिळालं. बुखारींच्या हदीससंग्रहावरचं भाष्य ‘फत्हुल बारी’ हिजरी ८१७ ते ८४२ असं पंचवीस वर्षं चाललं. कीर्ती त्याचीच, पण सुरुवात त्यानं करू नका. आधी ‘नुख्बतुल फिकर’ घ्या. चारदोन पानांत हदीसशास्त्राची सगळी परिभाषा आहे, आणि ‘नुझहतुन नझर’ ही त्यावरची टीकाही त्यांचीच.

एखादा रावी, म्हणजे हदीस पुढे सांगणारा, तपासायचा असेल तर ‘तकरीबुत तहजीब’. सहा प्रमुख संग्रहांतल्या रावींवर ओळ-दोन ओळींत निकाल. मात्र प्रस्तावना वाचल्याशिवाय आत शिरू नका. मृत्यूच्या सालातलं शतक ते गाळतात, ते तबक्यावरून, म्हणजे पिढीवरून, काढायचं: पहिला-दुसरा तबका शंभरच्या आत, तिसरा ते आठवा शंभरनंतर, नववा ते बारावा दोनशेनंतर. इमाम मालिक सातव्या तबक्यातले, साल ७९ दिलंय, म्हणजे हिजरी १७९. ‘मकबूल’ (स्वीकारार्ह) हा शेराही फसवा आहे. दुसऱ्या रावीचा दुजोरा असेल तरच तो मकबूल, एकटा असेल तर कच्चा. शेऱ्यानं समाधान झालं नाही तर मोठा ‘तहजीबुत तहजीब’ उघडा. नाव तिथेही नसेल तर ‘लिसानुल मीझान’.

सर्वांत जास्त चुका ‘अल-इसाबा’ वापरताना होतात. ग्रंथ सहाबांवरचा, म्हणजे पैगंबरांच्या साथीदारांवरचा, म्हणून नाव सापडलं की लोक त्या माणसाला सहाबी ठरवून मोकळे होतात. प्रत्येक अक्षराखाली चार विभाग आहेत. पहिल्यात ज्यांच्या सहाबी असण्याला काही रिवायतीचा (परंपरेने आलेल्या कथनाचा) आधार आहे ते, दुसऱ्यात पैगंबरांच्या हयातीत जन्मलेली मुलं, तिसऱ्यात त्या काळात असूनही भेट न झालेले. चौथा विभाग तर चुकून सहाबी मानल्या गेलेल्यांचाच आहे! म्हणून इसाबाचा हवाला देताना विभागाचा क्रमांकही लिहा.