जोडी जन्मते तेव्हा: आधी हिशेब नीट मांड

टकरीतून कण-प्रतिकणाची (प्रतिकण म्हणजे तेवढ्याच वस्तुमानाचा, पण उलट प्रभाराचा जोडीदार) जोडी निघते, ती आधीच्या कणांचे तुकडे नसते. गतिज ऊर्जेचं वस्तुमान होतं. हे पटलं की थेट गणिताला लाग.

प्रतिप्रोटॉनचं उदाहरण घे. प्रोटॉन स्थिर प्रोटॉनवर आपटला, तर शेवटी तीन प्रोटॉन आणि एक प्रतिप्रोटॉन हवेत, कारण बॅरिऑन संख्या (प्रोटॉनची +१, प्रतिप्रोटॉनची −१) २ होती ती २च राहायला हवी. नव्या जोडीचं वस्तुमान १.८८ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक), म्हणून तेवढीच ऊर्जा पुरेल असं वाटतं. इथेच सगळे फसतात! मांडवी पुलावर उभ्या स्कूटरला मागून धडक दिली तर दोन्ही गाड्या पुढे घसरतात. संवेग टिकवण्यात ऊर्जा खर्च होते. म्हणून s = २m² + २mE लिही (m प्रोटॉनचं वस्तुमान, E येणाऱ्या प्रोटॉनची ऊर्जा, प्रकाशाचा वेग c = १; s म्हणजे एकूण संवेग शून्य दिसेल अशा चौकटीतल्या एकूण ऊर्जेचा वर्ग). कमीत कमी ऊर्जेत त्या चौकटीत चारही कण स्थिर असतात, म्हणून ते (४m)² शी जुळव. E = ७m मिळेल. पण ही एकूण ऊर्जा! त्यातून स्वतःचं m वजा कर: गतिज ६m, म्हणजे ५.६३ जीईव्ही. बर्कलेच्या बेव्हाट्रॉन या कण-त्वरकाची ऊर्जा याच गरजेतून सहा जीईव्हीच्या वर ठेवली होती. १९५५ साली प्रतिप्रोटॉन तिथेच सापडला. समोरासमोर टक्कर केलीस, तर प्रत्येक प्रोटॉनला जेमतेम ०.९४ जीईव्ही गतिज ऊर्जा पुरते.

लक्ष्य तांब्यासारखं जड असेल तर उंबरठा (लागणारी किमान ऊर्जा) थोडा खाली येतो, कारण केंद्रकातले प्रोटॉन मुळात स्थिर नसतातच.

आणि एकट्या फोटॉनपासून निर्वातात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन काढायला जाऊ नकोस. जोडीच्या वस्तुमानाइतके १.०२२ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) असले तरी संवेग झेलायला शेजारी केंद्रकासारखं काही लागतं.