ब्रेसेसची तार जास्त घट्ट केली तर दात लवकर सरकतो का?

नाही, उलट अडतो. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम 0.2 मिमी जाडीचा तंतुमय पडदा असतो. तो दाबला गेला की त्यातल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन आणि रँकल ही संदेश देणारी रसायनं सोडतात. त्यामुळे हाड खाणाऱ्या पेशी तयार होतात. ताण पडलेल्या बाजूला नवं हाड भरतं, आणि असा दात सरकतो.

दात नुसता कलवायला 35 ते 60 ग्रॅम जोर पुरतो. जास्त दिला तर बारीक रक्तवाहिन्या चेपतात, तिथल्या पेशी मरतात आणि तो भाग काचेसारखा निर्जीव दिसतो. मग हाड मागच्या बाजूने पोखरलं जाईपर्यंत दोन-तीन आठवडे दात जागचा हलत नाही. मुळाचं टोकही झिजू शकतं, आणि झिजलेली लांबी परत येत नाही!

दुखलं तर पॅरासिटामॉल बरी. आयबुप्रोफेन प्रोस्टाग्लँडिनच रोखते, त्यामुळे दात सरकणं मंदावू शकतं.