घरच्या घरी मुलांना पॉप आर्टचे कोणते प्रोजेक्ट करता येतील?

तुम्ही लिहिलंय की मुलगी तेरा वर्षांची आहे, शाळेसाठी पॉप आर्टचं काहीतरी करून न्यायचंय, घरात पोस्टर कलर, स्केचपेन आणि कागद सोडून फारसं सामान नाही आणि नेटवर बघावं तिकडे तोच चार चौकटींतला रंगीबेरंगी चेहरा दिसतो. मी मुलांना चित्रकला शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. सामान पुरेसं आहे, त्याची काळजी करू नका.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो वस्तू निवडायला. भडक रंग दिले की झालं पॉप आर्ट असं बऱ्याच मुलांना वाटतं आणि मग फुलपाखरू, सूर्यास्त असलं काहीतरी भडक रंगात रंगवून आणतात. पण पॉप आर्टच्या चित्रकारांनी रंगाच्या आधी विषय बदलला होता, म्हणजे जाहिराती, कॉमिक्स, दुकानातले डबे, जे आपण रोज बघतो आणि ज्याला चित्राचा विषय कुणी मानत नव्हतं, ते त्यांनी उचलून थेट गॅलरीत नेलं. तर तिला घरात एक चक्कर मारायला सांगा, टूथपेस्टची ट्यूब, चार्जर, शॅम्पूची बाटली, एक चप्पल, आकार बघता क्षणी ओळखू येईल असं काहीही चालेल.

आता माझा सगळ्यात आवडता प्रोजेक्ट, एकच वस्तू पुन्हा पुन्हा. अँडी वॉरहॉल या पॉप आर्टच्या चित्रकाराने १९६२ मध्ये सूपच्या डब्यांची ३२ चित्रं केली, प्रत्येक डबा वेगळ्या चवीचा, बाकी सगळं तेच. ती छापलेली वाटतात पण हाताने रंगवलेली आहेत, आणि डब्याच्या खालच्या कडेची नक्षी तर त्याने चक्क शिक्के मारून काढली. हे मुलांना सांगितलं की त्यांचा हुरूप वाढतो, कारण शिक्का त्यांनाही जमतो.

करायचं असं की ए-थ्री कागदाला दोन घड्या घालून चार चौकटी पाडायच्या. वस्तूचं एक साधं रेखाचित्र वेगळ्या कागदावर काढायचं, छाया वगैरे काही नको, फक्त बाहेरची रेघ आणि आतले दोन-तीन भाग. मग ते दिवसा खिडकीच्या काचेवर धरून चारही चौकटींत उतरवायचं, चारही आकार हुबेहूब सारखे आले पाहिजेत, नाहीतर फरक रंगाचा आहे की आकाराचा तेच बघणाऱ्याला कळत नाही. एखादी छोटी नक्षी किंवा अक्षर परत परत येत असेल तर खोडरबरावर कोरून शिक्का करा, अक्षर मात्र उलटं कोरायचं.

रंग चारच घ्या, एक फिका, एक गडद आणि दोन झगझगीत, आणि तेच चार रंग प्रत्येक चौकटीत जागा बदलून वापरा. हातात बारा बाटल्या असल्या की मूल बाराही वापरतं आणि चित्राचा जोर जातो. पोस्टर कलर पाण्यात विरघळतो, त्यामुळे खालचा थर पूर्ण वाळल्याशिवाय वर दुसरा दिला की दोन्ही मिसळून मळकट होतात. शेवटची काळी रेघ बारीक ब्रशने काढा, स्केचपेनचं टोक त्या रंगावर घासलं की त्याची पूड बसून चोंदतं.

दुसरा प्रोजेक्ट ठिपक्यांचा. जुन्या स्वस्त छपाईत लाल शाईचे बारीक ठिपके पांढऱ्या कागदावर मारले की लांबून गुलाबी रंग दिसायचा, शाईही वाचायची. रॉय लिक्टनस्टाईन या दुसऱ्या पॉप चित्रकाराने कॉमिक्समधलं चित्र घेतलं आणि ते ठिपकेसुद्धा मोठे करून रंगवले, १९६३ चं त्याचं 'व्हॅम!' नावाचं लढाऊ विमानांचं चित्र चार मीटर रुंद आहे. घरी यासाठी जाड कार्डाची एक पट्टी घ्या, तिच्या कडेला पंचिंग मशीनने सारख्या अंतरावर भोकांची एक ओळ पाडा, पट्टी कागदावर ठेवून इअरबडने भोकांत रंग टेकवत जा. मग पट्टी खाली सरकवा आणि दर दुसऱ्या ओळीला इतकी बाजूला घ्या की नवा ठिपका वरच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध येईल, एवढं केलं की छपाईसारखी जाळी दिसायला लागते. रंग घट्टच हवा, पातळ असला तर पट्टीखाली पसरतो. ठिपके संपूर्ण चित्रभर नको, फक्त चेहऱ्यावर किंवा फक्त मागच्या आकाशात द्या, बाकी सपाट रंग आणि जाड काळी रेघ. वर एक फुगा काढून त्यात 'धडाम', 'फुर्रर्र', 'खळ्ळ' असं तिच्या मनातलं काहीतरी लिहू दे, मराठीत आवाजाचे इतके छान शब्द आहेत की इंग्रजी कॉमिक्समधला 'पाव' (pow) कशाला हवा!

हाताने वस्तू करायची आवड असेल तर क्लेस ओल्डनबर्ग या शिल्पकाराचं काम बघा. १९६२ मध्ये त्याने कॅनव्हासचा एक प्रचंड बर्गर केला, आत फोम आणि पुठ्ठ्याची खोकी भरून, साधारण सात फूट रुंद. कडक वस्तू मऊ आणि लहान वस्तू अवाढव्य, एवढीच गंमत. जुन्या टीशर्टच्या कापडाची उशीएवढी पेन्सिल किंवा चार्जर शिवायचा, आत चिंध्या भरायच्या. शिवणाला वेळ लागतो म्हणून प्रोजेक्ट दोन दिवसांत द्यायचा असेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

कोलाजही आहेच, रिचर्ड हॅमिल्टनने १९५६ मध्ये मासिकांतली कात्रणं जोडून केलेलं घराचं चित्र प्रसिद्ध आहे, पण तो बऱ्याच मुली-मुलांनी शाळेत केलेला असतो, त्यामुळे मी तो शेवटी ठेवीन.

तेरा वर्षांच्या मुलीला मी चार चौकटी आणि ठिपके एकत्र करायला सांगेन, वस्तू सपाट रंगात आणि मागची बाजू ठिपक्यांची. निम्मा वेळ वाळण्यात जातो म्हणून एक संध्याकाळ धरू नका, आदल्या दिवशी रेखाटन आणि सपाट रंग, दुसऱ्या दिवशी ठिपके आणि काळी रेघ. खोडरबर कोरताना तुम्ही शेजारी बसा, खाली जाड पुठ्ठा ठेवा. आणि तिने कुठली वस्तू निवडली ते नक्की सांगा, रंग ठरवताना अडलं तर तेही विचारा.